उन्हाळ्यात पान किती, फळ किती

आपल्याकडच्या कोणत्याही साध्या हॉटेलात ‘ग्रीन सॅलड’ मागवून पाहा. स्टीलच्या लांबट ताटलीत काकडीच्या चकत्या, गाजराच्या चकत्या, बिटाच्या चकत्या, टोमॅटोच्या चकत्या, वर कांद्याची चक्रं, मधोमध लिंबाची फोड आणि एक हिरवी मिरची. पान म्हणून एकही नाही. लग्नाच्या पंगतीत पुरीबरोबर ‘फ्रूट सॅलड’ येतं ते म्हणजे कस्टर्डच्या गोड दुधात बुडालेली केळी, द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे. ते वाढणाऱ्याला किंवा खाणाऱ्याला आपण सॅलड खातोय असं क्षणभरही वाटत नाही. आणि तिसरं सॅलड गेल्या काही वर्षांत आलं: झाकणाच्या पारदर्शक डब्यात लेट्यूसची कुरकुरीत पानं, चार स्ट्रॉबेऱ्या, दोन अक्रोड आणि एक पुडी. एप्रिल उजाडला की मासिकांत याच तिसऱ्या प्रकाराच्या कृती ‘उन्हाळी’ म्हणून छापून येतात. पालेभाजी आणि फळं, न शिजवलेली, थंडगार, हलकी. कल्पना मोहक आहे. पण तिच्यात पान आणि फळ यांचं जे प्रमाण गृहीत धरलेलं असतं ते आपल्या उन्हाळ्याच्या अगदी उलट आहे.

परकं आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, अननस यांतलं काहीच आपलं नव्हतं, आणि आज त्यांच्यावाचून आपला स्वयंपाक अडतो. प्रश्न ऋतूचा आहे. लेट्यूस हे थंड हवेचं पीक. तापमान तिशीच्या वर गेलं की त्याच्या बऱ्याच वाणांचं बी उगवायचंच नाकारतं. उगवलेलं रोप उन्हाच्या तडाख्यात पानं वाढवायचं सोडून दांडा वर काढतं, फुलावर येतं, आणि पानातला दुधासारखा चीक कडू होतो. मग अमेरिकेत भर उन्हाळ्यात लेट्यूस येतं कुठून? मोठ्या प्रमाणावर कॅलिफोर्नियातल्या सलिनासच्या खोऱ्यातून. तिथे पॅसिफिकवरून धुकं आत सरकतं आणि जुलैतल्या दुपारीही पारा साधारण वीस ते पंचवीस अंशांत राहतो. म्हणजे आपल्या पुण्याची डिसेंबरातली दुपारसुद्धा बहुधा त्याहून गरमच. हिवाळा आला की तेच पीक ॲरिझोनातल्या यूमाकडे, वाळवंटात सरकतं, कारण तेव्हा वाळवंट थंड असतं. थोडक्यात, ज्यांच्या ‘समर सॅलड’ची आपण नक्कल करतो त्यांच्या समरमध्ये आपली थंडी आहे. अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ताटात लेट्यूस हवं असेल तर त्याच्यामागे पॉलिहाऊस, गार पाणी, गारेगार ट्रक आणि शेवटी फ्रीज अशी सगळी साखळी उभी करावी लागते. ती कुठेही एक तास तुटली की पान लुळं पडतं.

पान न शिजवता खायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सावधगिरी. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पालेभाज्या उकडून, त्यांचा रस पिळून काढून, भरपूर स्नेह घालून खाव्यात असं सांगितलं आहे. आजचा आहारतज्ज्ञ हे वाचून कपाळावर हात मारेल. पाणी पिळून टाकलं म्हणजे क जीवनसत्त्व गेलं, फोलेट गेलं! त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पालेभाजी जमिनीलगत वाढते, तिला सतत पाणी लागतं, आणि तिच्या चुरगळलेल्या पानांच्या घड्यांत ते पाणी, ती माती आणि त्यातलं जे काही असेल ते बसून राहतं. वांग्याला साल आहे, दुधी भोपळ्याला साल आहे. पालकाचं पान म्हणजे सगळंच साल. ते कुठल्या पाण्यावर वाढलं हे ठाऊक नसेल तर उकळी हाच एक भरवशाचा मार्ग उरतो.

आणि ही भीती मागासलेल्यांची नव्हे. २००६ साली अमेरिकेत पिशवीबंद, ‘धुतलेल्या’ कच्च्या पालकातून ई. कोलायची साथ पसरली. सुमारे दोनशे माणसं आजारी पडली, काही दगावली. २०११ साली जर्मनीत याच जिवाणूच्या दुसऱ्या जातीने जवळपास चार हजार लोकांना आजारी पाडलं आणि पन्नासहून अधिक बळी घेतले. शोध घेत घेत तपास पोहोचला तो मेथीच्या मोडांवर. मेथीदाणा आयात केलेला, मोड आणलेले, आणि सॅलडवर कच्चे भुरभुरलेले. आपल्या घरात मेथीदाण्याची उसळ होते तेव्हा ते मोड फोडणीत पडून शिजतात. त्यात आपलं शहाणपण मोठं होतं असं नाही. सवय होती, आणि सवयीने वाचवलं.

मुंबईत तर हा प्रश्न लोकलच्या खिडकीतून दिसत आला. रुळांलगतची मोकळी जमीन लागवडीसाठी देण्याची रेल्वेची जुनी योजना होती. त्या पट्ट्यांत पालक, लाल माठ, मेथी तरारून आलेली असायची. त्या मळ्यांना शेजारच्या नाल्याचं पाणी मिळायचं ही तक्रारही तितकीच जुनी. जंतू उकळीने मरतील. पण नाल्यातून आलेलं शिसं किंवा कॅडमियम उकळून जात नाही, मिठाच्या पाण्यात बुडवूनही जात नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात जुडी बुडवून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वाहत्या पाण्याखाली पान पान चोळून धुतल्याने माती आणि बरेचसे जंतू जातात. पानाच्या आत जे गेलं ते आत राहतं.

तरीही आपल्याकडे कच्चं पान खात नाहीत, हे म्हणणं अर्धवट आहे. खातात, पण पंगतीत नाही. मराठवाडा, खानदेश, विदर्भ या भागांत थंडीत घोळाणा होतो. कोवळी मेथी किंवा करडईची पानं हाताने मोडायची, त्यात बारीक चिरलेला कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे असलं की दुसरं कालवण लागत नाही. पाथरी नावाची कडसर पाल्याची भाजी रब्बीच्या शेतात आपोआप उगवते. खुरपणीला गेलेल्या बाया ती उपटून, झटकून भाकरीबरोबर तशीच खातात. गंमत अशी की ही पाथरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात लेट्यूसची जवळची नातेवाईक. तोच दुधाळ चीक, तोच कडवटपणा. आपल्या शेताच्या बांधावर लेट्यूसची चुलतबहीण उभी होती आणि आपण तिला तणनाशक मारत आलो.

हरभऱ्याचा पाला, मुळ्याचा पाला, कांद्याची पात, सगळं कच्चं खाल्लं जातं. पण कोण खातं आणि कुठे? ज्याने ते पेरलं किंवा उपटलं तो, शेतातच, तोडल्यानंतर तासा-दोन तासांच्या आत. त्याला विहीर माहीत असते, शेणखत कधी टाकलं ते माहीत असतं, फवारणी झाली की नाही हे माहीत असतं. पान त्याच्या ओळखीचं असतं. कच्चं खाणं ही आरोग्याची गोष्ट म्हणून हल्ली सांगितली जाते. मला ती मुळात विश्वासाची गोष्ट वाटते. शेत आणि तोंड यांच्यातलं अंतर वाढलं की चूल मध्ये येते. आणि शहरात ते अंतर एवढं वाढलं आहे की पानभर लेट्यूसवर ताव मारताना आपण नेमका कोणावर विश्वास टाकतोय हे सांगता येत नाही. डब्यावर छापलेल्या ‘धुतलेले’ या शब्दावर, बहुधा.

शिवाय या सगळ्या कच्च्या पानांचा हंगाम थंडीचा आहे. मार्च सरला की मेथी दांड्याला येते, करडई काटेरी होते, पाथरी वाळून जाते. उन्हाळ्यात बाजारातली पालेभाजी महाग आणि मरगळलेली असते. विक्रेता तिच्यावर दर अर्ध्या तासाने पाणी मारतो (कुठलं पाणी, हे पुन्हा विचारू नये). म्हणजे आपला निसर्ग उन्हाळ्यात पान आवरतं घेतो. आणि नेमकं त्याच वेळी फळ हात सैल सोडतं. कलिंगड, खरबूज, कैरी, आंबा, जांभूळ, करवंद, जाम, ताडगोळे, फणस. काकडीही खरी फळच. कलिंगडात वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, काकडीत त्याहूनही अधिक. तापी, गोदावरी, भीमा, वैनगंगा यांच्या कोरड्या पात्रांतल्या वाळूत कलिंगड-खरबुजाच्या वाड्या याच दिवसांत लागत आल्या. नदी आटली की तिच्या पोटातली ओल फळात भरून घ्यायची, असं ते तंत्र.

म्हणून उन्हाळी सॅलडात पानांचा ढीग आणि वर सजावटीला फळ हे प्रमाण उलटं करायला हवं. फळ अंगाला, पान चवीला. फळाला साल आहे, म्हणजे विश्वासाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. निम्माच म्हणतो, कारण २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या खरबुजांतून लिस्टेरिया पसरून तीसहून अधिक माणसं मेली होती. खरबुजाच्या खडबडीत जाळीदार सालीत जंतू दडतात आणि पहिला काप देताना सुरी त्यांना थेट गरात घेऊन जाते. कापल्यावर फळ धुणं निरर्थक. कापायच्या आधी साल घासून धुवावी, पुसावी, मग सुरी लावावी. गाडीवर सकाळपासून कापून ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडींचा मोह तर टाळावाच.

आणि पान म्हणाल तर उन्हाळ्यात ताठ उभी राहणारी पानं आपल्याकडे आहेत. पुदिना आहे, सावलीत जपलेली कोथिंबीर आहे, आंबट चुका आहे. पण माझं सगळ्यात लाडकं पान घोळाचं. (मघाचा घोळाणा आणि हा घोळ, नावं सारखी, वस्तू वेगळ्या.) तांबूस, गुळगुळीत, जमिनीवर पसरणारी देठं आणि त्यांना चिकटलेली छोटी मांसल पानं. आपण घोळाची भाजी डाळ घालून करतो किंवा ताकातली पातळ भाजी करतो. मोडून जिभेवर ठेवलं तर आधी कुरकुरतं, मग किंचित बुळबुळीत आणि आंबट. लेट्यूस जिथे हाय खातं तिथे घोळ फोफावतो. त्याची प्रकाशसंश्लेषणाची रीतच उष्ण, कोरड्या हवेसाठी घडलेली आहे. पाण्याचा ताण पडला की तो दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतो आणि रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसभरात ते आम्ल खर्ची पडतं. त्यामुळे पहाटे तोडलेला घोळ संध्याकाळच्या घोळापेक्षा स्पष्ट आंबट लागतो. सॅलडात लिंबू किती पिळायचं हे पान तोडण्याच्या वेळेवर ठरावं, असं दुसरं पान मला ठाऊक नाही. ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल पालेभाज्यांच्या मानाने त्यात बरंच असतं, हे वरकड.

घोळ कच्चा खायचा म्हणजे काही नवं धाडस नव्हे. लेबनॉन-सीरियाकडच्या फत्तूश या सॅलडात शिळ्या रोटीचे तळलेले तुकडे, काकडी, टोमॅटो यांच्याबरोबर घोळ हक्काने असतो. तुर्कस्तानात तो लसूण घातलेल्या दह्यात कालवतात. ती माणसं उष्ण उन्हाळ्यात राहतात. नक्कल करायचीच तर थंड सलिनासपेक्षा त्यांची करावी. दह्याला एक जास्तीचं कारणही आहे. घोळ, चुका, पालक यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं. दह्यातलं कॅल्शियम त्यातलं काही आतड्यातच बांधून ठेवतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र घोळ-चुक्याच्या वाटेला कच्चं जाऊ नये. त्यांच्यासाठी वाग्भटाचं पिळून टाकलेलं पाणीच बरं.

इथे कोणी म्हणेल, आलंच शेवटी ‘आमच्याकडे सगळं होतं’ हे पालुपद. तसं नाही. घोळ रस्त्याकडेला, बांधकामाच्या भरावात, गटाराच्या कडेलाही तेवढ्याच आनंदाने उगवतो, आणि जमिनीतले जड धातू शोषून घेण्यात तो पटाईत आहे. फुटपाथच्या भेगेतला देशी घोळ आणि नाशिकजवळच्या एखाद्या नेटक्या पॉलिहाऊसमधलं, तपासलेल्या पाण्यावर वाढलेलं परदेशी लेट्यूस यांत निवडायचं झालं तर मी डोळे मिटून लेट्यूस उचलेन. पानाचं मूळ गाव कोणतं यापेक्षा त्याला पाणी कोणतं मिळतं हे कच्च्या खाण्यात महत्त्वाचं. सुदैवाने घोळाचा प्रश्न कुंडीत सुटतो. बाजारातल्या जुडीतली चार जाड देठं कुंडीत खोचली की ती मुळं धरतात. एप्रिलच्या उन्हात, गच्चीवर, दोन दिवस पाणी घालायला विसरलं तरी.

पान आणि फळ एकत्र आणलं की खरी अडचण पाण्याची. मीठ लागलं की कलिंगड, काकडी पाणी सोडतात, पाच-दहा मिनिटांत वाडग्यात तळं होतं आणि पानं त्यात गळाठतात. पाश्चात्त्य कृतीत यावर तेलाचा उपाय आहे. पानावर तेलाचा थर बसवायचा, म्हणजे मीठ-आंबट आत शिरायला वेळ लागतो. आपल्या कोशिंबिरीने दुसरा उपाय काढला: दाण्याचं कूट. भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट सुटलेलं पाणी पिऊन घेतं, स्वतःचं तेल देतं आणि चव पानाला चिकटवून ठेवतं. स्निग्धाचं काम चवीपुरतं नाही. २००४ साली आयोवा स्टेट विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासात बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर सॅलड खाल्लेल्यांच्या रक्तात पालक-गाजरातली कॅरोटिनं जवळजवळ उतरलीच नव्हती. तेल वाढवलं तशी उतरली. वजन कमी करायला म्हणून नुसतं लिंबू पिळून घमेलंभर पाला चघळणाऱ्यांनी दाण्याच्या कुटाला शत्रू मानू नये. वाग्भटाचा ‘भरपूर स्नेह’ इथे चक्क बरोबर निघतो.

दुसरी जोड मोहरीची. गोव्यात आणि दक्षिण कोकणात रायवळ आंब्यांचं सासव करतात. पिकलेल्या छोट्या आंब्यांवर ओलं खोबरं, मिरची आणि मोहरी वाटून ओततात, थोडा गूळ. घाटावर केळ्याच्या कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घालतात. फळाला मोहरीचा झणका देण्याची ही रीत कस्टर्डपेक्षा कितीतरी शहाणी आहे. गोड फळाला गोड दुधात बुडवून काय साधतं? मोहरीचा तिखटपणा कोरड्या दाण्यात नसतो. ती थंड पाण्यात फेसली की तिच्यातलं विकर कामाला लागतं आणि मग तो झणका नाकात चढतो. गरम पाणी घातलं की ते विकर मरतं आणि मोहरी मुकी होते. शिवाय फेसलेली मोहरी तेल आणि आंबट पाणी यांना एकजीव ठेवते. फ्रेंच विनेग्रेटमध्ये मोहरी पडते ती याही कामासाठी. आंबटाला लिंबूच हवं असं नाही. कैरीचा कीस आहे, कोकमाचं आगळ आहे. दही घालायचं तर अननस वगळावा. त्यातलं ब्रोमेलेन दुधाची प्रथिनं तोडतं आणि थोड्याच वेळात सगळं कडवट होतं.

‘स्वयंपाक नको, नुसतं सॅलड कर’ असं घरातला जो कोणी पंख्याखाली बसून म्हणतो त्याने एकदा घोळाची जुडी निवडून पाहावी. चूल पेटत नाही म्हणून काम नाही, हा गैरसमज फक्त न करणाऱ्यालाच परवडतो. देठ-देठ सुटा करा, जून भाग टाका, तीनदा पाणी बदलून धुवा, तळाशी वाळू उरत नाही ना ते बोटांनी चाचपा. मग पानं कोरडी करा, कारण ओल्या पानाला ना तेल धरतं ना कूट. स्वच्छ सुती पंचात पानं बांधून मोरीपाशी दोनदा गरकन फिरवली की पाणी भिंतीवर उडतं आणि पान कोरडं होतं. फळ सोला, बिया काढा, साली बाहेर टाका. भाजीला शिजताना आपलं लक्ष नसलं तरी चालतं. सॅलडात शेवटपर्यंत हात आणि डोळे लागतात, आणि ते बहुधा एकाच व्यक्तीचे असतात. डाव्या बाजूला चमचाभर वाढायची कोशिंबीर वाडगाभर करायची ठरवली तर निवडायला बसणारी माणसंही त्या मानाने वाढायला हवीत.

आता प्रत्यक्ष कृती, माझ्या हातची. चार जणांना मध्यम कलिंगडाचा पाव भाग, मोठे चौकोनी तुकडे, फ्रीजमध्ये गार केलेले. एक कोवळी काकडी सालासकट. अर्ध्या कैरीचा कीस. घोळाची पानं आणि कोवळी शेंडी मिळून दोन मुठी, पुदिना अर्धी मूठ, तोही हाताने फाडलेला. सुरी लावली तर काळा पडतो. चमचाभर मोहरी गार पाण्यात फेसून तिच्यात एक चमचा आगळ, किसलेला गूळ चिमूटभर, दोन चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल. आधी पानांना हे चोळायचं, मग फळं घालायची, कूट त्यानंतर. मीठ सगळ्यात शेवटी, माणसं पानावर बसल्यावर. फोडणी नको. तापलेलं तेल घोळाला क्षणात मऊ करतं. भाकरीबरोबर चालतं, थालीपिठाबरोबर अधिक. हे रात्रीसाठी ठेवून देण्यासारखं नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच. तासाभराने ते चिखल होतं. वाडग्याच्या तळाशी गुलाबी, आंबट-तिखट पाणी उरतंच, कूट कितीही घाला. ते ओतून देऊ नका. पुढच्या थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा, वरून मीठ मात्र बेताने.